कल्चर तळाला बसतंय, ओडी नाचतोय: गुठळीमागची साखर कशी पकडायची

रात्रभर शेकरवर असलेला जिवाणूंच्या कल्चरचा फ्लास्क सकाळी उचलावा तर वरचा ब्रॉथ जवळजवळ नितळ आणि तळाशी पांढुरका थर. फ्लास्क हलकेच फिरवला की चांगलं कल्चर रेशमासारख्या लाटा काढत वर येतं. हे मात्र फाटलेल्या दुधासारखं तुकड्यातुकड्यांनी उठतं आणि मिनिटभरात पुन्हा बसतं. ओडी, म्हणजे गढूळपणाचा आकडा, घ्यायला क्युव्हेट स्पेक्ट्रोत ठेवलं की पहिला आकडा ०.८२, दहा सेकंदांनी ०.६१, झाकण उघडून पुन्हा ठेवलं की ०.७४. कोणता लिहायचा?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या फार्मा क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबपासून कॉलेजातल्या एमएस्सी प्रकल्पांपर्यंत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक ठिकाणी उपायही ठरलेला असतो: व्होर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र) जरा जास्त वेळ मारा, शेकरचा वेग वाढवा. त्याने दोन मिनिटं बरं दिसतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, कारण पेशींना धरून ठेवणारा चिकटा कसला आहे हे कोणी तपासलेलंच नसतं. तो चिकटा बऱ्याचदा पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेशी संबंधित असतो. गोंधळ असा की ही साखर गेली तरी गुठळ्या होतात आणि जास्त झाली तरी होतात. दोन्हींचे उपाय उलट आहेत, म्हणून निदान आधी.

खरंच गुठळी आहे का?

चार गोष्टी पंधरा मिनिटांत बघून होतात, आणि निम्म्या केसेस इथेच मिटतात.

बिनपेरणीचा फ्लास्क त्याच बॅचच्या माध्यमाचा ठेवलेला असतो, तो उजेडासमोर धरा. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम एकत्र ऑटोक्लेव्ह केलं की बारीक गाळ पडतो आणि तो कल्चरमध्ये पेशींसारखाच दिसतो. असं असेल तर मॅग्नेशियमचं द्रावण वेगळं ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळा.

दुसरं, पीएचची पट्टी. ग्लुकोज घातलेल्या माध्यमात ई. कोलाय आम्ल सोडत जातो आणि सकाळपर्यंत पीएच ५ च्या आसपास उतरू शकतो. त्या पीएचला पेशीवरचा ऋणभार मंदावतो आणि पेशी एकमेकींजवळ येऊन बसतात. सोडियम हायड्रॉक्साईडचे थेंब टाकून पीएच ७ वर आणल्यावर गुठळी सुटली, तर पुढचं काही करायची गरज नाही. ग्लुकोज कमी करा नाहीतर बफर वाढवा.

तिसरं, वेट माउंट (ओल्या थेंबाची स्लाइड) आणि ग्रॅम रंगक्रिया. गुठळीत मोठ्या अंडाकार पेशी दिसल्या तर यीस्ट शिरलंय. हे नुसतं प्रदूषण म्हणून फेकण्याआधी एक लक्षात घ्या: ई. कोलायच्या टाइप १ फिंब्रियांच्या (पेशीवरच्या केसांसारख्या तंतूंच्या) टोकाला असलेलं प्रथिन मॅनोज पकडतं, आणि यीस्टची भिंत मॅनोजने भरलेली असते. इथे साखर समोरच्याची आणि हात जिवाणूचा. न हलवता ३७ अंशांवर ४८ तास ठेवलेल्या ब्रॉथमधून सलग उपकल्चर घेत गेलं की अशा फिंब्रियावाल्या पेशीच पुढे सरकतात.

चौथी गोष्ट फक्त मोजणीवाल्यांसाठी. गुठळीतल्या पन्नास पेशी प्लेटवर एकच वसाहत देतात. शंका असेल तर एकाच नळीतून आधी थेट प्लेटिंग करा. मग त्याच नळीत ३ ते ४ मिलिमीटरचे पाच निर्जंतुक काचमणी टाकून ३० सेकंद व्होर्टेक्स करा आणि पुन्हा प्लेटिंग करा. आकडा १८० वरून ४०० वर गेला तर जिवाणू अर्ध्या मिनिटात दुप्पट झाले नाहीत, आधीची मोजणीच खोटी होती. ग्रोथ प्रमोशन टेस्टमध्ये (माध्यमावर जिवाणू नीट वाढतात का, ही चाचणी) १०० सीएफयूच्या, म्हणजे वसाहत देणाऱ्या घटकांच्या, आतलं इनॉक्युलम द्यायचं असतं, आणि निकाल दोनच्या पटीच्या आत हवा असतो. तिथे अशी गुठळी माध्यमाची चांगली बॅच नापास करून ठेवते.

साखर तिथे करते काय

ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पटलावर लिपोपॉलिसॅकराइडचं रान असतं. मुळाशी चरबीचा भाग, त्यावर गाभ्याची साखर आणि सगळ्यात बाहेर ओ-अँटिजेनची लांब शेपटी. ही शेपटी म्हणजे तीन-पाच साखरांचा तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला, कधी शंभराच्या आसपास वेळा. तिला पाणी प्रिय. प्रत्येक पेशीभोवती पाण्याने फुगलेली गादी तयार होते आणि दोन पेशी एकमेकींना टेकू शकत नाहीत.

शेपटी गेली की खालचा चरबीकडे झुकणारा भाग उघडा पडतो. मग पेशींना दूर ठेवायला राहतो फक्त ऋणभार, आणि तो मिठाच्या पाण्यात झाकला जातो. म्हणून शेपटी नसलेले जिवाणू ऊर्ध्वपातित पाण्यात सुखाने तरंगतात आणि सलाइनमध्ये खाली बसतात. जोसेफ आर्कराइट यांनी १९२१ मध्ये जिवाणूंचे ‘स्मूद’ (शेपटीवाले) आणि ‘रफ’ (शेपटी नसलेले) प्रकार वेगळे केले ते क्षारांनी गुठळी होते की नाही हे बघूनच. शंभर वर्षांनंतरही हीच सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

क्लोनिंगसाठी वापरला जाणारा ई. कोलायचा के-१२ वंश जन्मजात रफ समजा. त्याच्या डब्ल्यूबीबीएल या जनुकात आयएस-५ नावाचा डीएनएचा तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ओ-अँटिजेनच बनत नाही. डीएच५ अल्फा, एमजी१६५५ ही सगळी त्याच घरातली. तेव्हा डीएच५ अल्फा पीबीएसमध्ये (मिठाच्या फॉस्फेट बफरमध्ये) धुतल्यावर दाणेदार झाला म्हणून स्टॉक बिघडला असं समजू नका, तो त्याचा स्वभाव आहे. शिवाय ओ-अँटिजेनच्या आड दडलेलं अँटिजेन-४३ हे प्रथिनही अशा पेशींवर उघडं पडतं. दोन पेशींवरची ही प्रथिनं एकमेकींत वेलक्रोसारखी अडकतात. ते काही पिढ्यांत चालू, काहींत बंद असतं, त्यामुळे एकाच प्लेटवरच्या दोन वसाहतींपैकी एकीचं कल्चर गुठळतं आणि दुसरीचं नाही, असंही दिसतं.

आता उलटी बाजू. काही साखरा पेशी बाहेर सोडतात आणि त्या गोंदाचं काम करतात. ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस या दोघांकडे बीटा-१,६ जोडणीचा एन-असिटिलग्लुकोसामिनचा धागा असतो, पीएनएजी म्हणतात तो. त्यातले काही असिटिल गट पेशी स्वतःच काढून टाकते, तिथे धनभार येतो आणि ऋणभाराच्या पेशी त्याला चिकटतात. साल्मोनेला आणि रानटी ई. कोलाय सेल्युलोज बनवतात, सोबत कर्लाय नावाचे प्रथिनतंतू. के-१२ च्या बहुतेक स्ट्रेन सेल्युलोज बनवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात गुठळी दिसली तर सेल्युलोजमागे वेळ घालवू नका.

स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सचा प्रकार आणखी वेगळा. तो साखर पेशीत घेऊन धागा विणत बसत नाही, सुक्रोज बाहेरच फोडून ग्लुकान विणतो. त्याला लागणारी ऊर्जा सुक्रोजच्या जोडणीतूनच येते, म्हणून ग्लुकोज दिल्यास हा धागा होतच नाही. ल्युकोनोस्टॉकही सुक्रोजपासून डेक्स्ट्रान करतो. शिळा उसाचा रस तार सुटल्यासारखा बुळबुळीत होतो तो यामुळेच.

मात्र साखर म्हणजे नेहमी गोंद नव्हे. जाड कॅप्सूल असलेला जिवाणू उलट सुटा राहतो, कारण कॅप्सूलच्या आड अँटिजेन-४३ सारखे छोटे हात पोहोचतच नाहीत. कोलॅनिक आम्ल या बाहेर सोडलेल्या साखरेने वसाहत बुळबुळीत दिसते, पण ब्रॉथ घट्ट होतो, दाणेदार होत नाही. सेंट्रीफ्यूज केल्यावर पेलेट (तळाशी जमणारा पेशींचा गोळा) घट्ट न बसता वर लोंबत राहिला तर तो कॅप्सूलचा त्रास, गुठळीचा नाही.

मायकोबॅक्टेरियम घेऊन बसलेल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांची गुठळी मुख्यतः मायकोलिक आम्लांच्या मेणामुळे होते, आणि माध्यमात ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखं काम करणारं द्रव्य) हा तिथला रुळलेला उपाय आहे.

आठ नळ्या, एक तास

रात्रभराचं १० मिलीलीटर कल्चर सेंट्रीफ्यूजमध्ये ३,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट) ५ मिनिटं फिरवा. १०,००० जीवर फिरवू नका. एवढ्या जोराने दाबलेला पेलेट स्वतःच गुठळी बनतो आणि मग चाचणी कशाची केली तेच कळत नाही. पेलेट ३ मिलीलीटर ऊर्ध्वपातित पाण्यात मोठ्या तोंडाच्या टिपने हळूहळू उचला. प्रत्येक नळीत यातलं १०० मायक्रोलीटर जाईल आणि एकूण घनमान १ मिलीलीटर राहील. १२×७५ मिलिमीटरच्या काचेच्या नळ्या घ्या, प्लास्टिकच्या मायक्रोसेंट्रीफ्यूज नळीत गुठळी नीट दिसत नाही.

सलाइन ०.९५ टक्क्यांचं बनवा, म्हणजे पेशी घातल्यावर ते ०.८५ च्या जवळ येतं.

पहिल्या नळीत ऊर्ध्वपातित पाणी. दुसरीत सलाइन. तिसरीत सलाइन आणि पीएच ८ च्या ०.५ मोलर ईडीटीएचे (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन) १० मायक्रोलीटर, म्हणजे ५ मिलीमोलर. चौथीत सलाइन आणि १० टक्के डी-मॅनोजचे १०० मायक्रोलीटर. मॅनोजचा साठा पाण्यात नव्हे, सलाइनमध्येच करा, नाहीतर मीठ पातळ होऊन गुठळी सुटेल आणि श्रेय मॅनोजला जाईल. पाचवीत पीएच ४.५ चा ५० मिलीमोलर असिटेट बफर, बस्स. सहावीत तोच बफर ८०० मायक्रोलीटर आणि १०० मिलीमोलर सोडियम मेटापरआयोडेटचे १०० मायक्रोलीटर. साठ्याचं द्रावण मिलीलीटरला २१.४ मिलीग्रॅम, त्याच दिवशी केलेलं, नळीला फॉइल गुंडाळून. सातवीत सलाइन आणि २० मिलीग्रॅम प्रति मिलीलीटर प्रोटिनेज-केचे (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) ५ मायक्रोलीटर. आठवीत पीएच ७.५ चा १० मिलीमोलर ट्रिस, २.५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराईड, ०.५ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईड आणि डीएनए तोडणारं एन्झाइम डीएनेज-१, मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम.

सगळ्या नळ्या ३७ अंशांवर तासभर, न हलवता. तिसरी मात्र १५ मिनिटांनीच बघा. ईडीटीए जास्त वेळ राहिला तर ग्रॅम-निगेटिव्हच्या पटलातून लिपोपॉलिसॅकराइड ओढून काढतो, पेशी फुटू लागतात, डीएनए बाहेर येतो आणि नळी उलट तारदार होते. बाकीच्या तासानंतर प्रत्येकी ५ सेकंद व्होर्टेक्स, १० मिनिटं स्टँडवर उभ्या, आणि मग ट्यूबलाइटखाली काळ्या कागदासमोर धरून बघणं. आकडा हवा असेल तर वरच्या पृष्ठभागापासून १ सेंटीमीटर खालून १०० मायक्रोलीटर काढून ओडी घ्या. सुरुवातीच्या ओडीशी तुलना करून किती टक्के खाली बसलं ते निघतं. ओडी ०.४ च्या वर असेल तर पातळ करून घ्या, पातळ करायला त्याच नळीतलं द्रव वापरा.

पाचवी नळी वगळण्याचा मोह होतो, तिच्यात काहीच नाही असं वाटतं म्हणून. पीएच ४.५ ला कित्येक जिवाणू आपोआप गुठळतात. पाचवी आणि सहावी शेजारी धरल्याशिवाय परआयोडेटने काय केलं ते सांगताच येत नाही.

परआयोडेटच्या नळीत ट्रिस किंवा ग्लिसरॉल जाऊ देऊ नका, दोन्ही परआयोडेट खाऊन टाकतात. ग्लिसरॉल स्टॉकमधून थेट उचललेल्या पेशी न धुता वापरल्या तर चाचणी हमखास फसते. थांबवायची असेल तेव्हा मुद्दाम ग्लिसरॉलचा थेंब टाकतात तो याच कारणाने. आणि पोटॅशियम परआयोडेट पाण्यात नीट विरघळत नाही, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनबाजारात मागताना ‘सोडियम मेटा’ असं स्पष्ट सांगा.

नळ्या वाचताना

पहिली एकसारखी गढूळ, दुसरी तळाला बसलेली, तिसरीत फरक नाही: रफ. शेपटी गेलेली आहे. इथे एन्झाइमचा खर्च वाया.

तिसरी सुटली तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पूल आहेत. आम्लधर्मी साखरा किंवा लिपोपॉलिसॅकराइडचे फॉस्फेट गट दोन पेशींच्या मधे कॅल्शियम धरून ठेवतात. अशा वेळी आधी पाण्याकडे बघा. मोरबे धरणाचं किंवा एमआयडीसीच्या बारवीचं पाणी एरवी तसं मऊ असतं. पण टँकर आला, बोअरवेलचं मिसळलं किंवा खाडीलगतच्या टाकीत खारेपणा शिरला की आरओचा पडदा लवकर दमतो, आणि हे कोणी लॅबला कळवत नाही. कंडक्टिव्हिटी मीटर दहा सेकंदांत सांगतो. ऊर्ध्वपातित म्हणून भरलेल्या कॅनमध्ये ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली अपेक्षा असते. तिथे ८० दिसलं तर जिवाणूंना दोष देऊ नका.

चौथी सुटली तर फिंब्रिया. पडताळा स्लाइडवर: बेकरी यीस्टचं १ टक्के निलंबन आणि जिवाणूंचा थेंब मिसळा. मिनिट-दोन मिनिटांत रव्यासारखे दाणे दिसले आणि मॅनोज घातलेल्या थेंबात दिसले नाहीत, की नक्की झालं.

सहावी सुटली आणि पाचवी तशीच बसलेली राहिली, तर गोंद साखरेचा. परआयोडेट शेजारशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या ठिकाणी साखरेचं कडं तोडतं. पीएनएजी, डेक्स्ट्रान यांत अशा जागा असतात. उलट निकालावर मात्र भरवसा ठेवू नका. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सचं पाण्यात न विरघळणारं ग्लुकान मुख्यतः अल्फा-१,३ जोडणीचं असतं. त्यात मोकळे हायड्रॉक्सिल दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर, म्हणजे शेजारी नाहीतच. परआयोडेट त्याच्याजवळून नुसतं निघून जातं. सेल्युलोजमध्ये शेजारी गट असतात, पण धागे इतके घट्ट रचलेले की तासाभरात फारसं होत नाही. या दोघांसाठी सहावी नळी ‘नाही’ म्हणाली तरी साखरेला क्लीन चिट नाही.

सातवी सुटली तर प्रथिन. नाही सुटली तरी प्रथिन असू शकतं, कारण कर्लाय प्रोटिनेजला दाद देत नाही. अँटिजेन-४३ ची शंका असेल तर सोपं आहे. सलाइनमधल्या पेशी ६० अंशांवर काही मिनिटं तापवा, या प्रथिनाचा बाहेरचा भाग गळून पडतो आणि गार झाल्यावर पेशी सुट्या राहतात. साखर तेवढ्या उष्णतेने हलत नाही.

आठवी सुटली तर कल्चर म्हातारं झालंय, मेलेल्या पेशींचा डीएनए चिकटतोय. १६ ऐवजी ३० तास चाललेल्या फ्लास्कमध्ये हे नेहमीचं. सहावी आणि आठवी दोन्ही अर्धवट सुटल्या तर धनभाराची साखर आणि ऋणभाराचा डीएनए यांनी मिळून विणलेलं जाळं समजा.

प्लेटवरची खूण

सेल्युलोज-कर्लायच्या शंकेला मीठ न घातलेलं एलबी (जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम) आगर घ्या: ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम प्रति लीटर. गार होताना काँगो रेड ४० मिलीग्रॅम आणि कूमासी ब्रिलियंट ब्लू २० मिलीग्रॅम. २८ अंशांवर ४८ तास. लाल, कोरडी, सुरकुतलेली वसाहत म्हणजे दोन्ही आहेत. तपकिरी आणि सपाट असेल तर बहुधा फक्त कर्लाय, गुलाबी असेल तर फक्त सेल्युलोज. दुसऱ्या प्लेटमध्ये लीटरला ५० ते २०० मिलीग्रॅम कॅल्कोफ्लुओर घालून ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बघितलं की सेल्युलोजवाली वसाहत निळसर चमकते.

इथे २८ अंश म्हणजे बीओडी इन्क्युबेटरमधले (थंडही करू शकणाऱ्या कपाटातले) २८ अंश. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ २५ अंशांच्या देशांसाठी लिहिलेलं असतं. ठाण्यात मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत टेबलावर ३३-३४ अंश असतात आणि वसाहत साधी गुळगुळीत येते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच प्लेट त्याच टेबलावर सुरकुतते. ‘पावसाळ्यात कल्चर बिघडतं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. शेकर बंद पडला म्हणून टेबलावर काढून ठेवलेला फ्लास्क ३७ वरून २८ वर उतरतो, आणि नेमकं तेच तापमान कर्लाय-सेल्युलोज चालू व्हायला सोयीचं.

स्टॅफिलोकोकससाठी वेगळं आगर: बीएचआय (ब्रेन हार्ट इन्फ्युजन) पावडर ३७ ग्रॅम, सुक्रोज ५० ग्रॅम, आगर १० ग्रॅम, काँगो रेड ०.८ ग्रॅम प्रति लीटर, रंग वेगळा ऑटोक्लेव्ह करून ५५ अंशांवर मिसळलेला. काळी, कोरडी वसाहत म्हणजे साखरेचा चिकटा. हातमोजे घालाच, काँगो रेड बेंझिडीनच्या कुळातला आहे.

दुरुस्ती

रफ झालेल्या स्टॉकला माध्यम बदलून शेपटी परत येत नाही. स्लँटवरून स्लँटवर महिनोन्महिने चाललेल्या कल्चरमध्ये हे बदललेले वंश हळूहळू वरचढ होतात. यासाठीच औषधी मानकांत मूळ सीड-लॉटपासून (पहिल्या साठ्यापासून) पाचापेक्षा जास्त पॅसेज, म्हणजे उपकल्चर, चालत नाहीत. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांकडून नवं कल्चर मागवा. पहिल्याच उपकल्चरमधून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये पंचवीस-तीस कुप्या उणे ८० वर टाका आणि एक कुपी एकदाच वापरा. उघडून, खरवडून, परत ठेवलेली कुपी हाही एक छुपा पॅसेजच आहे.

के-१२ सारख्या जन्मजात रफबाबत ०.६ ते ०.८ ओडीला, वाढत्या अवस्थेतच पेशी काढा. धुवायला पीबीएसऐवजी कमी मिठाचा बफर घ्या. फ्लास्क एक पंचमांशापेक्षा जास्त भरू नका आणि १८० ते २०० आरपीएम ठेवा. मोजणीसाठी डायल्युअंटमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-८० चालतं, फक्त ते तुमच्या स्ट्रेनची संख्या घटवत नाही हे एकदा तपासून कागदावर नोंदवा.

साखर जास्त असेल तर तिचं कारण काढा. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सला सुक्रोज देऊ नका, ग्लुकोजवर वाढवा. स्टॅफिलोकोकसला टीएसबीमध्ये (ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये) आधीच लीटरला २.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यावर आणखी ग्लुकोज आणि ३-४ टक्के मीठ घालणं म्हणजे चिकट्याला आमंत्रण. ई. कोलाय-साल्मोनेलाला ३७ अंश आणि मिठाचं एलबी, प्लेटवरून सुरकुती नसलेली वसाहत. एलबी मागवताना मिलर, लेनॉक्स की लुरिया हे बघा: लीटरला मीठ अनुक्रमे १०, ५ आणि ०.५ ग्रॅम. खरेदी विभागाने डबा बदलला आणि गुठळ्या सुरू झाल्या, असंही होऊ शकतं.

एन्झाइम मोजणीपुरते ठेवा, रोजच्या कामाला नाही. पीएनएजीला डिस्पर्सिन-बी, डेक्स्ट्रानला डेक्स्ट्रानेज, सेल्युलोजला ट्रायकोडर्माचं सेल्युलेज. शेवटचं पीएच ५ आणि ५० अंशांना खूश असतं, तिथे तुमचे जिवाणू नसतात. सोनिकेशन करायचंच तर बर्फात, १० सेकंदांच्या टप्प्यांनी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर प्लेटिंग. संख्या आधी वाढत जाते, मग घसरते. घसरण्याच्या आधीचा टप्पा तुमचा. २६ गेजच्या सुईतून दहा वेळा ओढ-ढकल यानेही काम होतं, पण एरोसोल उडतं. रोगकारक जिवाणू असतील तर बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, साध्या लॅमिनारमध्ये नाही, तिथला वारा थेट तुमच्या तोंडावर येतो.

पॅथॉलॉजीवाल्यांची स्लाइड

टायफॉइडच्या हंगामात ब्लड कल्चरमधून साल्मोनेला टायफी निघतो आणि स्लाइडवर दोन्ही बाजूंनी फसवतो. बायोकेमिकल चाचण्या टायफीच्या, पण ओ-९ सीरमने (टायफीचं ओ-अँटिजेन ओळखून गुठळी करणारं) एक दाणा नाही. कारण विआय, एन-असिटिलगॅलेक्टोसामिनुरॉनिक आम्लाची बाहेरची साखर, जी ओ-अँटिजेनला झाकून टाकते. फेलिक्स आणि पिट यांनी १९३४ मध्ये तिला वेगळं ओळखलं. विआय सीरमने गुठळी येते का बघा. मग सलाइनमधलं घट्ट निलंबन झाकण घट्ट लावलेल्या नळीत १५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, पूर्ण गार करा आणि ओ-९ पुन्हा लावा. गरम थेंबावर सीरम टाकलं तर निकाल वाया जातो.

उलटा प्रकार म्हणजे सगळ्याच सीरमने गुठळी. म्हणून सीरमच्या आधी नुसत्या सलाइनचा थेंब. स्लाइड ३० सेकंद मागेपुढे झुकवा. दुधट थेंब दुधटच राहिला पाहिजे. कडेला बारीक रवा जमला तर पेशी रफ आहेत आणि कोणत्याही सीरमचा निकाल लिहायचा नाही. खात्रीला ०.२ टक्के ॲक्रिफ्लेविनचा थेंब, रफ पेशी त्यात लगेच दाणेदार होतात. अशा वेळी प्लेटवर परत स्ट्रीक करून कडा गोल आणि पृष्ठ चकचकीत असलेल्या तीन-चार वसाहती वेगवेगळ्या उचला, प्रत्येकीला आधी सलाइनमध्ये तपासा. एखादी स्मूद सापडते. सापडली नाही तर ‘ऑटोॲग्लुटिनेटिंग, सीरोटाइप करता येत नाही’ असं नोंदवून आयसोलेट संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवा, आणि वापरलेल्या स्लाइड कोरड्या होऊ न देता ओल्या असतानाच हायपोक्लोराइटमध्ये बुडवा.